फटाका कुठून वाजला?

मंडळी, आज जुन्या पेट्रोल गाड्यांच्या फटाक्यांवर, म्हणजे बॅकफायरवर बोलायचंय. सुरुवातीला एक जुनी खोडी कबूल करतो. कोल्हापुरात उद्यमनगरात मी पाना धरायला शिकत होतो, तेव्हा आम्ही पोरं दुरुस्तीला आलेली पेट्रोल जीप ‘ट्रायल’च्या नावाखाली रंकाळ्याकडे न्यायचो. उतार आला की गाडी गिअरमध्ये तशीच ठेवून चावी बंद. मनात पाच आकडे मोजायचे आणि चावी पुन्हा चालू. धडाड्! रस्त्यावरची माणसं दचकायची आणि आम्हाला कोण आनंद! एका संध्याकाळी सायलेन्सर शिवणीवर टराटरा उसवला आणि वस्तादांनी त्याचे पैसे माझ्या पगारातून कापले.

पण बॅकफायर म्हणजे काय, हे मला त्या उसवलेल्या सायलेन्सरने शिकवलं. चावी बंद केली तरी चाकं इंजिन फिरवतच असतात. इंजिन पेट्रोल ओढतं, ठिणगी मात्र नसते, म्हणून ते न जळता सायलेन्सरमध्ये जाऊन साचतं. चावी चालू झाली की पहिलाच जाळ बाहेर पडतो आणि साचलेलं सगळं एकदम पेटतं. आता तुमची गाडी चावीला हात न लावता असाच आवाज काढत असेल, तर तिच्या आत कोणीतरी चावी बंद-चालू करतंय. ते कोण, एवढंच शोधायचं.

म्हणून गाडी आली की माझा पहिला प्रश्न, आवाज पुढून येतो की मागून? लोक म्हणतात, ‘इंजिनमधून येतो.’ असं सांगून भागत नाही. मागून, सायलेन्सरमधून धडाका असेल तर न जळलेलं पेट्रोल मागे जातंय. म्हणजे ठिणगी चुकते, उशिरा पडते किंवा जळका वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्टचा वॉल्व्ह नीट बसत नाही. पुढून, हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधून शिंकल्यासारखा ‘फट्’ असेल तर गोष्ट वेगळी. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की मिश्रण सावकाश जळतं. इतकं सावकाश, की पुढच्या फेरीसाठी मिश्रण आत घेणारा इनटेकचा वॉल्व्ह उघडला तरी आत जाळ शिल्लक असतो आणि तो उलटा कार्बोरेटरकडे येतो. ठिणगी टाकणाऱ्या प्लगच्या वायरी अदलाबदल झाल्या किंवा इनटेकचा वॉल्व्ह अडकला तरी शिंक येते, पण तेव्हा गाडी धड चालतच नाही, त्यामुळे ते लगेच कळतं.

इथे एक इशारा. एअर क्लीनर काढून, कार्बोरेटरच्या तोंडात डोकावत अॅक्सिलरेटर देऊ नका. आमच्या एका पोराने ते केलं आणि त्याच्या डाव्या बाजूची मिशी गेली. उजवी त्याने स्वतःच काढली.

आता पद्मिनीची हकीकत सांगतो. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. मूळची फियाट 1100, पद्मिनी हे नाव 1974 पासूनचं. इंजिन 1089 सीसी, चार सिलिंडर, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे ती सगळ्यांना ठाऊक. तशी एक पद्मिनी एका निवृत्त गुरुजींनी माझ्याकडे आणली. सकाळी गाडी चकाचक चालते, पंधरा-वीस मिनिटांनी मिसिंग, म्हणजे मधूनच ठिणगी चुकणं, सुरू होतं, आचके देते आणि मग मागे फटाके. त्याआधी तीन ठिकाणी तीन वेळा कार्बोरेटर खोलून झाला होता. शेवटच्या ठिकाणी तर नवा बसवला होता. गुरुजी म्हणाले, ‘आता तुम्हीही कार्बोरेटर म्हणालात तर गाडी भंगारात देतो.’

मी कार्बोरेटरला हातच लावला नाही. आमच्या धंद्यात म्हणतात, कार्बोरेटरची बहुतेक दुखणी डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डब्यात, सापडतात. तरी हात आधी कार्बोरेटरकडेच जातो, कारण तो समोर असतो, दोन-चार नटांत निघतो, आणि धुऊन बसवला की गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं दिसतं. शिवाय खोलल्यावर स्क्रू हलतात, आतल्या पेट्रोलची उंची राखणाऱ्या फ्लोटची पातळी बदलते. आधी एक दुखणं होतं, आता दोन होतात.

गुरुजींना घेऊन मी गाडी गरम होईपर्यंत फिरवली. फटाके सुरू झाल्यावर बाजूला घेतली, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि प्रवाह जोडणारे-तोडणारे पॉइंट उघडले. दोन्ही तोंडं निळी-काळी जळलेली. ठिणगीचा जोर तयार करणाऱ्या कॉइलची वायर बॉडीजवळ धरून पाहिली तर ठिणगी पिवळी, मरतुकडी. चांगली ठिणगी निळी असते आणि ‘चट्’ असा आवाज करते. दोष कंडेन्सरचा होता. थंड असताना तो काम करायचा, तापला की हात वर करायचा.

हा कंडेन्सर करतो काय? पॉइंट उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातूनच हजारो व्होल्टची ठिणगी तयार होते. प्रवाह झटक्यात तुटला पाहिजे. कंडेन्सर मेला की प्रवाह पॉइंटमध्येच ठिणगी मारत रेंगाळतो, पॉइंट जळतात आणि प्लगपर्यंत जोर पोचत नाही. चार सिलिंडरची गाडी 3000 आरपीएमवर असेल तर हे पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात. त्यातले दहा-पंधरा जरी फुकट गेले तरी तेवढं पेट्रोल कुठे जाणार? सायलेन्सरमध्ये.

मी पेटीतला एक चांगला कंडेन्सर बाहेरूनच लोंबकळत जोडला, त्याची बॉडी इंजिनला टेकवली, पॉइंट घासून फीलर गेजने गॅप लावला. गाडी चालू केली तर एकही फटाका नाही. वडापावच्या पैशात येणारी वस्तू. गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी नव्या कार्बोरेटरचं बिल खिशातून काढलं, पुन्हा एकदा वाचलं आणि परत ठेवलं.

कंडेन्सर ठीक निघाला तर पुढे काय? गरम झाल्यावर कॉइलही असाच दगा देते. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात आतून केसाएवढी काळी रेघ असेल तर ठिणगी त्या रेघेवरून भलत्याच घरात, म्हणजे सिलिंडरात, जाते. झाकणाखाली फिरणारा रोटर झिजतो. आणि प्लग बघायला विसरू नका. प्लग बिस्किटाच्या रंगाचा असेल तर ठीक, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी. चारांपैकी एकच वेगळा दिसला तर दोष त्या घरात, चारही सारखे असतील तर सगळ्यांना मिळून लागणाऱ्या वस्तूत. कोणतं सिलिंडर काम करत नाही ते कळत नसेल तर चालू इंजिनवर एकेक प्लगची वायर काढून बघतात. जी काढल्यावर इंजिनला काही फरकच पडत नाही, ते सिलिंडर मेलेलं. रबरी मुठीची पक्कड घ्या, नाहीतर झटका असा बसतो की डोकं बोनेटला आपटतं. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या नव्या गाडीवर हा प्रयोग नको, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर खराब करतं.

ठिणगी चोख निघाली तरच पेट्रोलकडे वळा. त्यासाठी एक फुकटची परीक्षा आहे. गाडी आचके देत असताना चोक, म्हणजे हवा अडवून पेट्रोल वाढवणारी झडप, थोडासा ओढा. सुधारली तर तिला पेट्रोल कमी पडतंय, किंवा ती कुठून तरी जास्तीची हवा घेतेय: कार्बोरेटरखालचं पॅकिंग, मॅनिफोल्ड, फाटकी व्हॅक्यूमची नळी. चोक ओढल्यावर आणखी बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त होतंय.

नुसती चढावर किंवा वेगात गुदमरत असेल तर फिल्टर, टाकीतली जाळी, पंपाचा पडदा बघा. आंबा घाट चढताना दुपारी पंप तापून पेट्रोलची वाफ होते, म्हणून जुने ड्रायव्हर पंपावर ओला फडका टाकायचे. त्या फडक्याला हसू नका, त्यात शास्त्र आहे. एका जीपवाल्याने टाकीला बाजारातलं नवं झाकण बसवलं होतं, त्याला हवेचं भोकच नव्हतं. वीस-पंचवीस किलोमीटरला गाडी बंद पडायची. झाकण उघडलं की ‘सूंऽऽ’ करून हवा आत जायची आणि गाडी पुन्हा चालू! तो म्हणे, गाडीला नजर लागलीय.

वॉल्व्हचं दुखणं ओळखायला इंजिन मंद चालू ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धरा. तो सारखा बाहेर उडायला हवा. मध्येच आत ओढला जात असेल तर बहुधा एखादा एक्झॉस्टचा वॉल्व्ह जळलाय, मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजायचं. देशात शिसं असलेलं पेट्रोल 2000 साली बंद झालं. जुन्या इंजिनच्या वॉल्व्ह सीटला त्या शिशाचा आधार असायचा. तो गेल्यावर सीट झिजते, वॉल्व्ह आत बसत जातो, वॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटची गॅप नाहीशी होते आणि वॉल्व्ह पुरता मिटत नाही. म्हणून टॅपेट आवाज करत नाहीत याचा आनंद मानू नका. थोडे वाजणारे टॅपेट मला जास्त आवडतात.

आता हल्लीचा प्रश्न, इथे तुमच्या चिठ्ठीतही आलाय: पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे फटाके होतात का? काही अंशी हो. नुसत्या पेट्रोलच्या एका किलोला जळायला 14.7 किलो हवा लागते, वीस टक्के इथेनॉलवाल्याला सुमारे साडेतेरा. नव्या गाडीचा सेन्सर ते सांभाळून घेतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक मात्र ठरलेलं, त्यामुळे मिश्रण हवेकडे झुकतं आणि शिंका वाढतात. जेट एक नंबर मोठा टाकून पाहता येतो, पण प्लगचा रंग बघत बघत. त्याहून मोठी भानगड म्हणजे इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटा करतं, तो जेटमध्ये येऊन बसतो, आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात. त्या आधी बदला, पेट्रोल गरम इंजिनवर गळलं तर फटाक्यावर भागणार नाही.

आणखी चिठ्ठ्या आहेत, पण त्या आपण बाहेर घेऊ. अंधार पडलाय आणि भुरभुर सुरू झालीय, म्हणजे अगदी हवी तशी हवा. ज्यांनी जुनी गाडी आणलीय त्यांनी इंजिन चालू करून बोनेट उघडा, गळ्यातला गमछा काढून ठेवा, पंख्यापासून हात लांब आणि टॉर्च बंद. वायरी फुटक्या असतील तर अंधारात त्यांच्यावरून निळ्या ठिणग्या पळताना दिसतील. कोपऱ्यातली ती हिरवी पद्मिनी कोणाची आहे? येताना मघाशी गेटपाशी दोनदा शिंकली. आपण तिच्यापासून सुरुवात करू.