बेटाखालचं गोडं पाणी

[दृश्य: फोंगाफाले बेट, तुवालू हा पॅसिफिक महासागरातला छोटा द्वीपदेश. एका हाताला खुला पॅसिफिक, दुसऱ्या हाताला शांत लगून, म्हणजे प्रवाळबेटांनी वेढलेलं समुद्राचं पाणी.]

निवेदन:
हे बेट जिथं सर्वांत रुंद आहे, तिथंही जेमतेम ४०० मीटर. नदी नाही, ओढा नाही. पाऊस प्रवाळाच्या वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असतं. हा थर भिंगासारखा असतो, मधे जाड नि कडेला पातळ.

[दृश्य: पुलाकाचा खड्डा, रुंद पानं.]

पुलाका हा आपल्या अळूच्या कुळातलाच, पण माणसाहून उंच वाढणारा. पाणी लागेपर्यंत खड्डा खणायचा, तळाशी रोप लावायचं, बुंध्याभोवती पाला कुजवत राहायचं. कंद पोसायला काही वर्षं जातात. त्यामुळे खड्ड्यात खार शिरला की एका हंगामाचं पीक जात नाही, घराचा कित्येक वर्षांचा साठा सडतो.

खार दोन वाटांनी येतो. वादळी लाट वरून येते. दुसरी वाट डोळ्यांना चटकन दिसत नाही. समुद्राची पातळी वाढते आहे, आणि फेब्रुवारी-मार्चच्या मोठ्या उधाणांना पाणी सच्छिद्र जमिनीतून बुडबुडत वर येतं, अगदी बेटाच्या मध्यावर. नुसती भिंत बांधून ते अडत नाही.

[दृश्य: विहीर, पोहरा.]

१०० लिटरमागे २ लिटर समुद्राचं पाणी मिसळलं, तरी विहीर मचूळ होते. अशा वेळी मोठा पंप लावून ती उपसावी असं वाटतं. तिथंच घात होतो. गोडा थर खचतो आणि खालचं खारं पाणी वर ओढलं जातं. उपसा हलका ठेवून पावसाची वाट पाहावी लागते. कुक बेटांतल्या पुकापुकावर २००५च्या पर्सी चक्रीवादळानंतर भूजल पुन्हा पिण्याजोगं व्हायला ११ महिने लागले.

[दृश्य: पत्र्याचं छप्पर, पन्हळ, टाकी.]

फोंगाफालेवरचं भूजल खार आणि शौचखड्ड्यांचा पाझर यांमुळे पिण्यालायक उरलेलं नाही. भिस्त छपरावर आहे. ५० चौरस मीटर पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला की ५०० लिटर पाणी. पन्हळ गळकी असेल तर त्याहून कमी. आणि पाऊसच लांबला तर? २०११च्या दुष्काळात इथं आणीबाणी जाहीर झाली. दर घराला दिवसाला ४० लिटर पाणी. म्हणजे दोन बादल्या, सगळ्या कुटुंबाला.