पाणी सुटायची वेळ

(पहाटेचा अंधार. गल्लीच्या तोंडाशी बॅटरीचा उजेड.)

बेळगावात पाणी सुटतं. म्हणजे ते सोडणारा कुणीतरी असतो. हा तो. हातात लोखंडी चावी, जवळजवळ त्याच्याच उंचीची. गल्लीत सगळे त्याला व्हॉल्वमन म्हणतात. चेंबरचं झाकण सरकवायचं, चावी खाली सोडायची. टोक नीट बसलं की हाताला कळतं, बघावं लागत नाही. मग आटे मोजायचे. या गल्लीला साडेचार. पाचवा दिला की उतारावरच्या घरांत पाणी धावतं आणि चढावरचे नळ नुसते फुसफुसत बसतात. हे साडेचार आटे कुठल्याही नकाशावर नाहीत.

"ओ मामा, आमच्याकडं कवा सोडतायसा?"

"सोडतोय की ओ वैनी. दमा जरा."

(घागरी, कळशी, निळी पिंपं. अर्धा मिनिट फक्त आवाज.)

(राकसकोप. सकाळचं धुकं.)

हे पाणी इथून निघतं. मार्कंडेय नदीवरचं राकसकोप धरण. त्या टेकड्यांच्या अंगाला तुडये, म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. पाऊस सीमा बघून पडत नाही, तिकडचे ओढेही इथंच येऊन मिळतात. पावसाळ्यात पेपरात पातळी छापून यायला लागली की २४७५ फूट हा धरण भरल्याचा आकडा बेळगावातल्या शाळकरी पोरालाही पाठ होतो. भरलं की भरलं, मग वर्षाची चिंता मिटली. निदान मिटायची. इथून पाणी हिंडलग्याच्या पंपांवरून लक्ष्मी टेकडीवर चढतं, तिथं शुद्ध होतं आणि उतारानं शहरात येतं. शहर वाढलं, राकसकोप पुरेना. मग घटप्रभेवरच्या हिडकल धरणातूनही पाणी आणलं.

(टिळकवाडी. काँग्रेस विहीर, वरून.)

त्याच्याही आधी विहिरी होत्या. ही १९२४ ची. गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन टिळकवाडीत भरलं, त्या माणसांसाठी खणलेली. शंभर वर्षं झाली, आजही आत डोकावलं तर आपलं तोंड दिसतं. आमच्या कॅमेरामनला इथून हलवायला बराच वेळ लागला, म्हणून हे दृश्य थोडं लांबलंय.

(मीटर, अगदी जवळून. लाल काटा.)

आता हा. २००४ साली जागतिक बँकेच्या कर्जातून बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा या तीन शहरांत एक प्रयोग ठरला. शहराचा एक तुकडा घ्यायचा आणि तिथं चोवीस तास पाणी द्यायचं. बेळगावात ५८ पैकी १० वॉर्ड निवडले. काम चालवायला व्हिओलिया ही फ्रेंच कंपनी आली. जुन्या पाईपांना ठिगळं लावून भागेना, तेव्हा गल्लीबोळांतलं जाळंच नवं टाकलं. २००८ मध्ये त्या वॉर्डांत पाणी कायमचं सुरू झालं. दारात मीटर आला, आणि जितकं वापराल तितकं बिल.

विरोध झाला. पाण्याचं खासगीकरण नको, असं म्हणणारे रस्त्यावर उतरले.

पण मीटरची मेख पाईपात आहे, आणि ती समजून घ्यायला जरा थांबायला हवं. चार दिवसांनी एकदा पाणी सुटतं तेव्हा मधल्या काळात पाईप रिकामा असतो. रिकामा म्हणजे हवेनं भरलेला. पाणी सुटलं की आधी ही हवा नळातून बाहेर पडते. आपण ऐकतो ना, खर्र खर्र, ती हीच. आणि मीटरचं चाक हवेवरही फिरतं. म्हणजे घागर कोरडी आणि आकडा पुढं. शिवाय रिकाम्या पाईपाला कुठं भेग असेल तर शेजारच्या गटारीतलं पाणी आत ओढलं जातं. पहिलं गढूळ पाणी मोरीत सोडून द्यायचं हे आपल्या आयांना शास्त्र न शिकता ठाऊक होतं. मीटर असता तर त्या गढुळाचंही बिल आलं असतं. म्हणून पाईप आधी भरलेला राहिला पाहिजे, मीटर नंतर. हा क्रम उलटा करून चालत नाही.

(छपरावरच्या काळ्या टाक्या. नळाला लावलेली मोटर.)

मीटर आला आणि फुकटचं पाणी गेलं म्हणावं, तर पाणी फुकट कुठं होतं? ठोक पाणीपट्टी होतीच, कितीही वापरा, तेवढीच. वर टाकी, मोटर, मोटरचं लाइट बिल, उन्हाळ्यात टँकर. आणि नवं पाणी आलं की आधीचं शिळं, ते अंगणात ओतायचं. कितीतरी भरलेल्या घागरी अशा गेल्या. हजार लिटर म्हणजे पंधरा लिटरच्या जवळजवळ सदुसष्ट घागरी. मीटर हे हजारात मोजतो आणि वापर वाढला की दरही चढतो.

(खणलेला रस्ता. काळे पाईप, निळ्या रेघा.)

उरलेल्या ४८ वॉर्डांसाठी जागतिक बँकेचं पुढचं कर्ज मंजूर व्हायला २०१६ उजाडलं. चर खणले, बुजवले, पुन्हा खणले. एका शहरात दोन पाणी: इकडं नळ फिरवायचा, तिकडं मामाची वाट बघायची. भाडेकरूंच्या खोल्यांत एका मीटरवर चार चुली असतात, त्यांचा हिशेब घरमालक घालतो तसा.

(चेंबर. व्हॉल्वमन चावी उलटी फिरवतो.)

चोवीस तास पाणी आलं की ही चावी रोज फिरवायची गरज उरत नाही. मामांना विचारलं, मग तुम्ही काय करणार? ते चावी पुसत राहिले.

(घर. उंबऱ्यावर आजी. हातात बिल.)

बिल कन्नडमध्ये आहे. आजींनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, आकडे तेवढे कळले. मग घडी घालून देव्हाऱ्यामागं ठेवलं. वाचून दाखवणारा नातू अजून शाळेतून यायचा आहे.

(नळ. एक थेंब. मीटरचा काटा जागचा हलतो.)