फक्कीच्या रेषा

नमस्कार श्रोतेहो.

तालुका स्पर्धांचे दिवस आले की भल्या पहाटे आम्ही क्रीडाशिक्षक टेप, खुंट्या, सुतळी आणि फक्कीची पोती घेऊन मैदानावर उतरतो. नाशिकचा पाऊस कधी मध्येच एक सर टाकून रेषा धुऊन नेतो, मग पुन्हा पहिल्यापासून आखणी. चारशे मीटरची शर्यत उभी राहिली की कुणीतरी पालक तावातावाने येतातच. "सर, माझ्या पोराला सगळ्यांच्या मागं का उभं केलंय?"

प्रश्न रास्त आहे. मोठ्या स्पर्धांच्या ट्रॅकला दोन सरळ बाजू असतात, प्रत्येकी ८४.३९ मीटर, आणि दोन टोकांना अर्धवर्तुळं. सर्वांत आतल्या लेनची एक फेरी बरोबर ४०० मीटर भरते. ही मोजणी आतल्या कडेवरून नाही, कडेपासून ३० सेंटिमीटर सोडून करतात, कारण कडेला पाय घासत कुणी पळत नाही. लेन १.२२ मीटर रुंद. बाहेरच्या लेनचं वळण मोठं, म्हणून तिची फेरीही लांब. दुसऱ्या लेनला ७.०४ मीटर जास्त पडतात, आठव्या लेनला तब्बल ५३. तेवढं अंतर त्या धावपटूला पुढे उभं करतात. यालाच स्टॅगर म्हणतात. पहिल्या लेनमधला मुलगा मागे दिसतो, पण त्याला इतरांइतकंच पळायचं असतं.

शंभर मीटरला हा प्रश्नच नाही, सगळं सरळ रेषेत. आठशेला पहिलं वळण आपापल्या लेनमध्ये, मग सगळे आत येतात. स्टीपलचेसमध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या अडथळ्यांच्या शर्यतीत, २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. आपल्या बीडच्या अविनाश साबळेनं २०२३ साली हांगझोऊच्या एशियाडमध्ये याच शर्यतीत सुवर्ण मिळवलं. पाच हजार आणि दहा हजारला लेनचं बंधन नाही. तिथे दम आणि डोकं दोन्ही लागतं.

दहा हजार म्हणजे २५ फेऱ्या. ही शर्यत म्हटलं की नाशिककरांना कविता राऊतच आठवते. हरसूलजवळच्या सावरपाड्याची ही मुलगी लहानपणी अनवाणी पळायची. पुढे नाशिकला भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंदर सिंग सरांच्या हाताखाली तयार झाली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं ३३ मिनिटं ५ सेकंदांत कांस्यपदक आणलं. हिशोब करून पाहा, एका फेरीला साधारण ७९ सेकंद, आणि तसं पंचवीस वेळा! राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुढच्याच महिन्यात ग्वांगझोऊच्या एशियाडमध्ये रौप्य. शेवटच्या फेरीला घंटा वाजते ना, तेव्हा पायांत काय उरलंय ते कळतं. आमच्या स्पर्धेत ती घंटा शाळेचीच, पितळी. ती वाजली की कडेला डबे उघडून बसलेली पोरंसुद्धा उठून ओरडायला लागतात.

आता जी गोष्ट मनात राहिली आहे ती सांगतो. एका वर्षी घाईत आखणी करताना माझ्याकडून चूक झाली. चारशेच्या सहाव्या लेनला दोनशे मीटरच्या शर्यतीचा स्टॅगर पडला, म्हणजे हवा त्याच्या निम्मा. त्या लेनमधल्या मुलीला सुमारे १९ मीटर जास्त पळावं लागलं. ती तिसरी आली, जिल्ह्याची निवड हुकली. चूक लक्षात आली ती संध्याकाळी, टेप गुंडाळताना, निकाल पुढे गेल्यावर. तिच्या घरी जाऊन मी माफी मागितली. तिच्या आईनं चहा दिला. मुलगी एवढंच म्हणाली, "सर, शेवटच्या वळणावर मला वाटलंच होतं, रेष काही येईना."

तेव्हापासून चारशेच्या आधी मी प्रत्येक लेनच्या मुलाला हाक मारतो, टेपचं एक टोक त्याच्या हातात देतो आणि त्याच्या रेषेवरचा आकडा त्यालाच मोठ्यानं वाचायला लावतो.