मानपत्रात काय लिहावं?

नमस्कार श्रोतेहो.

फेब्रुवारी जवळ आला की माझ्या घरचा फोन जरा जास्त वाजतो. १० फेब्रुवारी हा आपल्या पुणे विद्यापीठाचा वर्धापनदिन. त्या दिवशी विद्यापीठ जीवनसाधना गौरव पुरस्कार देतं. त्याच सुमारास विभागांतून, कॉलेजांतूनही निवृत्तांचे सत्कार ठरतात. शाल, श्रीफळ, हार यांची सोय कुणीही करतं. मानपत्रासाठी मात्र फोन येतो, "सर, तेवढं तुम्ही लिहून द्याल ना?" मी मराठी शिकवत होतो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि निवृत्तीनंतरही राहिलं. मानपत्रात काय लिहावं याचा मी बरीच वर्षं विचार करत आलो आहे. आज तुमच्याशी त्याबद्दलच बोलायचं आहे.

सुरुवातीला मी विशेषणं लिहायचो. ज्ञानतपस्वी, विद्यार्थिप्रिय, शिस्तप्रिय, मनमिळाऊ. एका वर्षी दोन सत्कार एकाच आठवड्यात आले. दोन्ही मानपत्रं शेजारी ठेवून वाचली, तेव्हा लक्षात आलं की नावं बदलली तरी चाललं असतं. पस्तीस-पस्तीस वर्षं नोकरी केलेली ती दोन माणसं. एक वनस्पतिशास्त्राची, एक हिशेब विभागातली. त्यांच्या आयुष्याचा एक कणही त्या कागदांवर नव्हता. मला त्याची फार खंत वाटली. तेव्हापासून मी आधी भेटायला जातो आणि विचारतो, "तुम्ही नेमकं काय केलंत?"

हा प्रश्न पुण्यातल्या मोठ्या माणसांच्या बाबतीत विचारून बघा. महर्षी कर्वे म्हटलं की भारतरत्न आठवतं, शंभरी आठवते. पण अण्णा १८९१ ते १९१४ फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. १९०० साली त्यांचा विधवांसाठीचा आश्रम हिंगण्याला झोपडीत गेला. दिवसा कॉलेजात तास घ्यायचे आणि मग चालत हिंगणं गाठायचं. आज कर्वे रस्त्यावरून सिग्नल मोजत जाताना ते अंतर कळत नाही. पावसाळ्यात, चिखलातून, दिवसभर शिकवून झाल्यावर ते चालायचं म्हणजे काय, हे लिहिलं पाहिजे. १९५१ मध्ये पुणे विद्यापीठानं त्यांना डी.लिट. दिली. विद्यापीठ तेव्हा अवघं दोन वर्षांचं होतं आणि अण्णांनी नव्वदी ओलांडली होती. मला तर वाटतं, त्या पदवीनं थोरवी आली असेल तर ती विद्यापीठालाच.

आता भांडारकर प्राच्यविद्या संस्थेकडे या. विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या त्या दगडी इमारतीत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. सत्तेचाळीस वर्षं. बाराशेहून जास्त हस्तलिखितं तपासली गेली. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा कितीतरी लिप्यांतली. काम असं चालायचं : एक श्लोक घ्यायचा, तो प्रत्येक पोथीत कसा आहे ते अक्षर अक्षर लावून पाहायचं आणि प्रत्येक फरक तक्त्यात नोंदवायचा. मग पुढचा श्लोक. पाठभेदांचे हे तक्ते पुण्यात भरले जात होते, तसेच तंजावरला आणि शांतिनिकेतनातही. अशा नोंदी करणाऱ्या माणसाच्या दिवसाचं फळ संध्याकाळी काय, तर काही श्लोक. घरी विचारलं, आज काय केलंत, तर सांगणार काय?

डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ मध्ये प्रमुख संपादकपद घेतलं आणि कामाला शास्त्रीय शिस्त लावली. आदिपर्व आणि आरण्यकपर्व त्यांनी स्वतः संपादित केलं. जानेवारी १९४३ मध्ये मुंबईला त्यांची महाभारतावर चार व्याख्यानं ठरली होती. तीन झाली. चौथं व्हायचं होतं त्याच दिवशी ते गेले. पुढे २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते आवृत्तीच्या पूर्तीचा सोहळा झाला, तेव्हा सुकथनकरांना जाऊन तेवीस वर्षं उलटली होती. तक्ते भरणाऱ्यांपैकीही किती जण तोवर हयात राहिले असतील? त्या समारंभाचा मी जेव्हा जेव्हा विचार करतो, तेव्हा मला व्यासपीठ दिसत नाही. मला ते टेबल दिसतं, त्यावर उघडलेली पोथी आणि शेजारी शाईची दौत.

आणि या साऱ्यामागे आणखी एक काम होतं. ते आवृत्तीच्या पानांत दिसत नाही. कागद आणायचा, छपाई करून घ्यायची, अनुदानासाठी सरकारांना पत्रं लिहायची, पगार वेळेवर करायचे. डॉ. रा. ना. दांडेकर १९३९ मध्ये भांडारकर संस्थेचे मानद चिटणीस झाले आणि पुढे पाच दशकांहून अधिक काळ त्यांनी तो भार वाहिला. वेदविद्येतले जागतिक कीर्तीचे पंडित, फर्ग्युसनमध्ये आणि नंतर विद्यापीठात संस्कृत शिकवलेले. 'मानद' या शब्दाचा अर्थ आपण सहज विसरतो. बिनपगारी! विद्वानानं कार्यालय चालवणं म्हणजे विद्वत्तेतून वेळ काढणं, असं काही जण मानतात. मला हे पटत नाही. दांडेकरांनी ते कार्यालय चालवलं नसतं, तर आज हातात महाभारत कुठून असतं?

म्हणून कार्यालयातल्या माणसांविषयी मला अधिक बोलायचं आहे. सत्काराच्या पत्रिकेवर प्राध्यापकांची नावं मोठी असतात. कुलसचिव, परीक्षा विभागातले अधीक्षक, पात्रता विभागातले साहाय्यक यांच्या नावाला एखादी ओळ मिळते. पण एक निकाल लागण्यासाठी काय काय घडावं लागतं ते पाहा. प्रश्नपत्रिका वेळेत आणि गुपचूप छापून व्हायला हवी, आसनव्यवस्था लागायला हवी, उत्तरपत्रिकांवर सांकेतिक क्रमांक पडायला हवेत, तपासणी, नियमन, गुणांची बेरीज, पुनर्मूल्यांकन. १९४९ मध्ये या विद्यापीठाला अठरा महाविद्यालयं संलग्न होती. आज पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतली शेकडो आहेत. एका आकड्याची चूक झाली तर कुठल्या तरी गावातल्या मुलीचा प्रवेश हुकतो. ती चूक होऊ न देण्यात ज्यांची उभी हयात जाते, त्यांच्या कामाची खूण उरत नाही. चूक झाली नाही, हीच खूण.

१९९८ साली अशाच एका गृहस्थांचं मानपत्र माझ्याकडे आलं. पदवी प्रमाणपत्रांच्या विभागातून ते निवृत्त झाले होते. भेटायला गेलो. आधी काही बोलेनात. मग म्हणाले, "सर, कर्तव्यदक्ष वगैरे लिहू नका. लिहायचंच तर एकसष्टच्या पावसाळ्याचं लिहा."

१२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं तो दिवस. ते तेव्हा नोकरीला नवीन लागलेले. नदीकाठच्या पेठांतली घरं वाहून गेली आणि त्याबरोबर ट्रंकांतली प्रमाणपत्रंही. थोड्याच दिवसांत माणसं गणेशखिंडीत, विद्यापीठात येऊ लागली, दुय्यम प्रत मिळवायला. नोकरी टिकवायला कागद हवा होता. आसन क्रमांक कुणाला आठवणार? नाव, कॉलेज आणि अंदाजे वर्ष एवढंच सांगायचे. हे नोंदवह्या काढून पानंच्या पानं शोधत बसायचे. ज्यांची पदवी १९४९ च्या आधीची, त्यांची नोंद पुण्यात असणारच नव्हती, कारण पुण्यातली कॉलेजं तोवर मुंबई विद्यापीठाला जोडलेली. अशा माणसाला "इथं मिळणार नाही" म्हणून परत पाठवणं नियमाला धरूनच झालं असतं. यांनी त्यांना खाली बसवलं, मुंबईला पाठवायचा अर्ज स्वतःच्या हातानं लिहून दिला. "घर गेलेल्या माणसाला अर्ज कसा सुचणार, सर?" एवढंच म्हणाले.

आयोजकांनी एक पान मागितलं होतं. मी दोन लिहिली, आणि ती पूर्ण वाचली जावीत म्हणून हट्ट धरला. वाचन चालू असताना ते मान खाली घालून ऐकत होते. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुंबईला किती अर्ज पाठवले तो आकडा तुम्ही गाळलात ते बरं केलंत. माझी खात्री नव्हती." सदतीस वर्षांपूर्वीच्या आकड्याचीही ते खात्री करून घेत होते!

या वर्षी माझ्याकडे एकच मानपत्र आहे. एका ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या बाईंचं. तालिकीकरणाचं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची सूची करण्याचं काम त्यांनी तीस वर्षांहून जास्त केलं, आधी टंकलेखन यंत्रावर कार्डं बडवून आणि नंतर संगणकावर. गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो आणि नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी बराच वेळ विचार केला. म्हणाल्या, "चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक हरवल्यासारखंच असतं. ते असतं, पण कुणाला सापडत नाही. अशी पुस्तकं मी शोधून जागेवर लावायची. संध्याकाळी, वाचक गेल्यावर." मग थांबून म्हणाल्या, "हे लिहिण्यासारखं आहे का हो?"

मानपत्राची पहिली ओळ मी तिथेच, त्यांच्यासमोर बसून लिहिली.

नमस्कार.