तोंडागणिक भाव

[पडदा काळा. कौलांवरचा पाऊस. मग एकदम निळा उजेड.]

गोव्यात फोंड्याजवळच्या एका घरातली ही आतली खोली. बाहेर आषाढ आहे, पागोळ्या थांबायचं नाव घेत नाहीत, आणि आत चार फुटी काचेच्या टाकीत हा असा दर्या पेटलाय. घर एका हायस्कूलच्या शिक्षकांचं. नाव सांगायचं नाही एवढीच त्यांची अट. आपण त्यांना सर म्हणू.

[अगदी जवळून: नारिंगी-हिरवा मश्रूम, अंगावर टपोरे फुगे.]

हा बघा. पाच रुपयांच्या नाण्याएवढा. पावसाळी अळंब्यासारखा दिसतो म्हणून मश्रूम. पण हा प्राणी आहे, कोरलच्या, म्हणजे प्रवाळाच्या नात्यातला. मधोमध बारीक चीर दिसते ना, ते त्याचं तोंड. अंगावर असे फुगे असलेल्या मश्रूमला टाकीत कोरल पाळणारी हौशी मंडळी बाउन्स म्हणतात. अमेरिकेतल्या बाजारात चांगल्या रंगाचा असा एक नग शेकडो डॉलरला जातो. काही नावाजलेल्या नगांनी हजाराचा आकडाही ओलांडलाय. हजार डॉलर म्हणजे आपले ऐंशी हजारांहून जास्त. तेवढ्यात म्हापशाला शोरूममधून स्कूटर घरी येते.

[सोनाराच्या दुकानातली पोवळ्याची अंगठी. तराजूचं लहानसं पारडं.]

प्रवाळाला पैसे मोजणं आपल्याला नवं नाही. मंगळासाठी पोवळं घालायला सांगतात, मंगळसूत्रात पोवळी ओवतात. पण ते पोवळं म्हणजे मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा. तो वजनावर जातो, रत्तीवर जातो. जिवंत कोरलचा हिशेब निराळा. टॉर्च नावाचं कोरल हेडवर विकतात, झोआ नावाचं मऊ कोरल पॉलिपवर. हेड काय नि पॉलिप काय, मोजायची ती तोंडं. एक तोंड असलं तर इतके, दोन असली तर तितके.

[परदेशातल्या एका हौशी माणसानं पाठवलेली क्लिप: प्रवाहात हलणारं सोनेरी टॉर्च.]

ही क्लिप सरांच्या टाकीतली नाही. टॉर्च हे दगडी कोरल, म्हणजे कठीण सांगाड्याचं, आणि सरांकडे दगडी कोरल एकही नाही. का, ते पुढे येईलच. आत्ता नुसतं बघा. साधं तपकिरी टॉर्च परदेशात थोडक्यात मिळतं. त्याच जातीत एखादं असं सोनेरी निघालं, टोकाला जांभळी छटा असली, की कुणीतरी त्याला नाव देतो. होली ग्रेल. ड्रॅगन सोल. नाव लागलं की भाव दुसरा.

[म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. गवतावर मांडलेले मानकुराद.]

नावाला भाव कसा येतो हे गोव्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. हा मानकुराद. हंगामाच्या सुरुवातीला डझनाचा भाव हजारांत असतो, आणि तरी माणसं उभी राहून घेतात. मानकुरादची कोय लावली तर मानकुरादच येईल असं नाही. तो ठेवायचा तर कलम बांधावं लागतं. बागेत उभं असलेलं हरेक मानकुराद कधीतरी दुसऱ्या मानकुरादच्या फांदीवरून आलेलं असतं.

कोरलची हौसही अशीच कलमांवर चाललेली आहे. इंग्रजीतला फ्रॅग म्हणजे तुकडा, पण आपल्याकडे त्याला खरा शब्द कलम. होली ग्रेल म्हणून जे विकायचं ते मूळच्या त्या एका सोनेरी झुबक्यापासून कापत कापत आलेलं असलं पाहिजे, असा या लोकांचा आग्रह. म्हणून पिकासारखी वंशावळ सांगतात. कुणाच्या टाकीतून आलं, त्याच्याकडे कुठून आलं. आणि कलमाचं जे होतं तेच इथेही होतं. जॉब्रेकर नावाचा लाल-पिवळ्या चट्ट्यांचा एक मश्रूम आहे. पहिल्यांदा आला तेव्हा नखाएवढ्या पिल्लाला शेकडो डॉलर पडायचे. लोकांनी वाढवला, कापला, वाटला. आज तो त्या पैशाच्या छोट्याशा भागात मिळतो. रंग तोच आहे. फक्त तो आता पुष्कळांकडे आहे.

[टाकीवरचा निळा दिवा बंद होतो. पांढरी ट्यूब लागते. एकच सलग शॉट.]

हा शॉट आम्ही तोडलेला नाही. तोच मश्रूम, तीच जागा. पांढऱ्या ट्यूबखाली तो बराचसा तपकिरी दिसतो. कारण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं, आणि त्याचा स्वतःचा रंग तपकिरी. मघाशी निळ्या उजेडात जो झगझगीत हिरवा-नारिंगी दिसत होता तो कोरलच्या प्रथिनांचा. निळा उजेड ती आत घेतात आणि दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकतात. १९९९ साली मॉस्कोतल्या शास्त्रज्ञांनी अशाच एका मश्रूम कोरलमधलं, डिस्कोसोमामधलं, लाल प्रथिन जगापुढे मांडलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशीच्या आत काय चाललंय ते बघायला ते वापरतात. एवढं मोठं देणं या बोटभर प्राण्याचं आहे.

पण विकणारे फोटो काढतात ते निव्वळ निळ्या उजेडात, लेन्सवर पिवळी काच लावून. घेणाऱ्यानं पांढऱ्या उजेडातला फोटो मागावा. सर प्रत्येकाला हे सांगतात, आणि आम्हीही ते इथे मुद्दाम ठेवलंय.

[सकाळ. परसात निळे कॅन. आर.ओ.च्या नळीतून बारीक धार.]

आता पाणी. पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात: दर्या हाकेवर आहे, मग तिथलंच पाणी का नाही? आमच्या कॅमेरामननंही विचारला. सरांनी त्याला खिडकीतला पाऊस दाखवला. पावसात मांडवी आणि झुवारी घाटावरचं गोडं पाणी आणि लाल गाळ घेऊन येतात, मुखाशी खारटपणा कमालीचा उतरतो. कोरलला तो वर्षभर एकसारखा लागतो, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. म्हणून सर गोडं पाणी आर.ओ.तून काढतात, त्यातले उरलेसुरले क्षार रेझिनच्या नळकांड्यात धरतात, मीटरवर शून्य आल्याशिवाय पुढे जात नाहीत, आणि मग त्यात विकतचं मीठ घालतात. डबा परदेशी, आणि स्वस्त नाही.

[मीठ पाण्यात पडतं, ढगासारखं पसरतं. सर लांब लाकडी पळीनं ढवळतात.]

ती पळी वहिनींची. दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातून गेली ती परत आली नाही, असं त्या हसत सांगतात.

मीठ घालून झालं की रात्रभर पंप चालू ठेवून पाणी फिरवायचं. सकाळी मोजायचं. एप्रिल-मे महिन्यात खोली तापली की टाकीवर पंखा सोडायचा, कारण पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं असतं. पंख्यानं पाणी उडतं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून रोज रात्री जेवढं उडालं तेवढं गोडं पाणी वरून ओतायचं. आळस केला तर खारटपणा चढतो, आणि मश्रूम आक्रसून सुकल्या लिंबाच्या सालीसारखा होतो. कॅमेऱ्यात ते दिसत नाही, पण सरांच्या वहीत ती तारीख लाल शाईनं लिहिलेली आहे.

[घड्याळ: साडेनऊ. दिवे जातात. बॅटरीचा बारीक घरघराट.]

लाईट गेली. पावसाळ्यात हे नेहमीचं. बघा, सर उठले नाहीत. बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप आपोआप सुरू झाला. पाणी हललं नाही तर त्यातला प्राणवायू संपतो, आणि एका रात्रीत वर्षांची कमाई जाते. सगळी टाकी एकदम बसणं याला ही मंडळी क्रॅश म्हणतात. आपण जी किंमत ऐकतो त्यात ही बॅटरी आहे, ही वही आहे, ही अर्धी झोप आहे.

[कापणी. वरून शॉट: पांढरी थाळी, नवं ब्लेड, हातमोजे, चष्मा.]

ज्यासाठी आम्ही तीनदा फोंड्याला गेलो ते हे.

मश्रूम त्याच्या दगडासकट बाहेर काढलाय. सर आधी बाजूला थांबतात, त्याला अंग आवळू देतात. हातमोजे आणि चष्मा बघून दचकू नका. मश्रूमला तेवढी गरज नसते, पण त्याच टाकीत झोआ आहेत, आणि झोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. जगातल्या अतिजहाल विषांतलं ते एक. कापताना डोळ्यात थेंब उडाला तर दवाखाना. म्हणून नियम सगळ्यांना एकच.

आता ब्लेड. बरोबर तोंडावर ठेवलं. एक दाब, ओढ नाही. दोन झाले. पुन्हा आडवं, चार झाले. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला तोंडाचा थोडा भाग आला पाहिजे, म्हणजे भरून यायला सोपं जातं.

[जवळून: चार पाचरी, कडेनं पांढरी चिकट बुळबुळ.]

ही जी बुळबुळ सुटतेय, तिच्यामुळे मश्रूमला गोंद धरत नाही. दगडी कोरलचा सांगाडा असतो, तो सुपरग्लूनं चिकटवता येतो. इथे हाड नाही, सगळा मऊ मांसल पडदा. म्हणून ही युक्ती. प्लास्टिकच्या वाटीत शिंपल्यांचा चुरा, त्यावर चार तुकडे, आणि वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा रबरानं बांधलेला. वाटी टाकीच्या अशा कोपऱ्यात जिथे पाणी हळू फिरतं. जोरात फिरलं तर तुकडे उडून पंपात जातात, फिरलंच नाही तर कुजतात. कोपरा शोधायला सरांना एक वर्ष लागलं. त्या वर्षात जे गेलं त्याचं त्यांना आजही वाईट वाटतं.

[सर वाटी खाली सोडतात. कोपर पाण्यात. बाहेर पाऊस.]

आठ दिवस हात लावायचा नाही.

[ग्रांदे बेट. बायण्याहून निघालेली बोट. मग पाण्याखाली: हिरवट धूसर पाणी.]

दगडी कोरल सरांकडे का नाही, ते आता. हे वास्कोसमोरचं ग्रांदे बेट, शूटिंग फेब्रुवारीतलं. इथलं पाणी लक्षद्वीपसारखं नितळ नाही, दोन-तीन हात पुढचं जेमतेम दिसतं. तरी खाली बघा. पानासारखं पसरलेलं ते टर्बिनारिया. तो गोल पोरायटिस. गोव्याचं हे स्वतःचं प्रवाळ आहे, आणि ते कितीतरी गोवेकरांनी पाहिलेलंच नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं आहेत. म्हणजे वाघाच्या पंक्तीला. ती काढणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे. शिक्षा किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत, आणि दंड किमान २५ हजार. शोकेसमध्ये ठेवलेला पांढरा सांगाडाही त्यात येतो. कुणी फोनवर हळूच दगडी कोरलचा भाव सांगू लागला तर सर फोन ठेवतात. परदेशातून रीतसर आलंय, असं म्हणणाऱ्याकडे ते कागद मागतात. कागद आजवर कुणी दाखवला नाही, असं ते म्हणाले.

[प्रवाळावर टेकलेली नांगराची साखळी. चार सेकंद. शांतता.]

२०१८ साली इंडोनेशियानं जिवंत कोरलची निर्यात थांबवली होती, २०२० च्या सुरुवातीला पुन्हा सुरू केली. मधल्या काळात टॉर्चचे भाव चढले, आणि घरी वाढवलेल्या कलमांना तेव्हा खरी मागणी आली. एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक प्रवाळ-विरंजन, म्हणजे तापलेल्या पाण्यात प्रवाळ पांढरं पडणं, जाहीर झालं. त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपचं प्रवाळही पांढरं पडलं.

[पुन्हा खोली. निळा उजेड. मच्छरदाणीचा तुकडा सुटतो.]

बारावा दिवस. चारांतले तीन चुऱ्याला धरलेत. चौथा कुठे गेला, सर शोधताहेत. पंपात नाही. मागच्या दगडाखाली नाही. राहू द्या.

या तिघांतल्या एकाकडे कॅमेरा न्या. अजून जवळ. कापलेली कड आत वळलीय, पाचर गोल होत चाललीय. आणि मधोमध, सुईच्या टोकानं टेकवल्यासारखी, ती चीर. नवं तोंड. अमेरिकेत या क्षणी याची किंमत वेगळी झाली असती.

[बाल्कांव, घराचा पुढचा ओटा. डिचोलीहून आलेला कॉलेजचा मुलगा, हातात स्टीलचा डबा.]

हा सरांचा जुना विद्यार्थी. गेलं वर्षभर रिकाम्या टाकीत नुसतं पाणी सांभाळत होता, कारण सरांनी सांगितलं होतं की पाणी वर्षभर टिकलं की ये. आज आलाय. वही घेऊन आलाय. सर पानं उलटतात, चष्मा वर करून दोन आकडे पुन्हा विचारतात.

किती द्यायचे, असं त्यानं विचारलं. पैसे घेणार नाही, सर म्हणाले. तुझ्याकडे वाढला की एक तुकडा कुणालातरी दे, आणि माझी टाकी कधी बसली तर एक मला आणून दे.

[पिशवीत पिशवी. वर्तमानपत्राची घडी. डब्याचं झाकण.]

एकात एक दोन पिशव्या, कारण एक फुटली तर दुसरी आहे. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा. वर वर्तमानपत्र, उजेड आणि ऊन लागू नये म्हणून. वहिनींनी डब्याभोवती ओला नॅपकिन गुंडाळला.

[कदंबची बस. खिडकीशी मुलगा, डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर. पाऊस.]