१९६० ची बॅच

(दृश्य: मेअखेरची सकाळ. ओळीने लावलेली तंबाखूची कोवळी रोपं. लांबून जाणारी पिवळी स्कूल बस.)

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, रिचमंडच्या पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरवर फार्मविल नावाचं गाव आहे. प्रिन्स एडवर्ड काउंटीचं हे मुख्य गाव. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखं समजा. लाल माती, पाइनची झाडं आणि तंबाखू. १८६५ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलं असताना, गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांचे सेनापती जनरल ली यांचं थकलेलं सैन्य याच गावातून मागे हटत गेलं आणि दोनच दिवसांत ॲपोमॅटॉक्सला त्यांनी शस्त्रं खाली ठेवली. गुलामगिरी संपली. पुढे जी व्यवस्था आली तिने बस, हॉटेल, शाळा, सगळ्याची वाटणी केली. गोऱ्यांचं वेगळं, काळ्यांचं वेगळं.

ही गोष्ट या गावातल्या हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांची आहे. त्यातल्या एका बॅचने, शाळा संपायला थोडेच आठवडे उरले असताना, संप केला. आणि नऊ वर्षांनंतरच्या बॅचला शाळाच उरली नाही.

(दृश्य: शाळेचा हॉल. मोकळं व्यासपीठ. बाजूला सरकवलेला पडदा.)

खेड्यातल्या हायस्कूलचं ग्रॅज्युएशन तिथे काय असतं, ते आधी सांगायला हवं. आपल्याकडे निकाल लागतो, पेढे वाटतात, पोरगं मोठ्यांच्या पाया पडतं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फॉर्मच्या रांगेत उभं राहतं. तिथे बारावी संपली की मे-जूनमधल्या एका संध्याकाळी सगळं गाव हॉलमध्ये जमतं. मुलं झगा घालतात, डोक्यावर चौकोनी टोपी, टोपीला गोंडा. एकेकाचं पूर्ण नाव पुकारलं जातं. तो पायऱ्या चढतो, डिप्लोमा घेतो, गोंडा उजवीकडून डावीकडे करतो आणि उतरतो. एका मुलाच्या वाट्याला अर्धं मिनिटसुद्धा येत नाही. पण त्या अर्ध्या मिनिटासाठी आईने महिनाभर आधी ड्रेसचं कापड बघून ठेवलेलं असतं. तंबाखूच्या रानात राबणाऱ्या घरात, जिथे सुगीच्या दिवसांत पोरांना शाळा बुडवून पानं तोडायला जावं लागे, तिथे बारावीपर्यंत पोचणं हीच मोठी मजल होती. मागच्या रांगेत बसलेली आजी स्वतः चार इयत्तांपलीकडे गेलेली नसायची. आपल्या घराण्याचं नाव मोठ्याने, आदराने, भरल्या हॉलमध्ये घेतलेलं तिने दुसरीकडे कुठे ऐकलं असणार?

फार्मविलमध्ये काळ्या मुलांसाठी रॉबर्ट रुसा मोटन हायस्कूल होतं. १९३९ साली बांधलेली, विटांची, एकमजली इमारत. क्षमता १८० विद्यार्थ्यांची. १९५१ पर्यंत तिथे साडेचारशेच्या वर मुलं झाली. जिमखाना नाही, कॅन्टीन नाही, प्रयोगशाळा नाही. पालकांनी शाळामंडळाकडे नव्या इमारतीसाठी खेटे घातले. मंडळाने आवारात लाकडी सांगाड्याच्या शेड उभ्या केल्या आणि त्यांवर डांबरी कागद ठोकला. गावातली माणसं त्यांना कोंबड्यांची खुराडी म्हणायची. थंडीत प्रत्येक शेडमध्ये एक शेगडी पेटायची. शेगडीजवळच्या मुलाला घाम फुटायचा आणि दाराजवळचा मुलगा ओव्हरकोट न काढता गणितं सोडवायचा. पावसात छत गळायचं. काही मुलं वर्गात छत्री उघडून बसत. गोऱ्या मुलांच्या हायस्कूलमधून मोडीत निघालेल्या बस यांच्या वाट्याला येत.

(दृश्य: मोटन हायस्कूलची जुनी छायाचित्रं. डांबरी कागदाच्या शेड.)

बार्बरा जॉन्स तेव्हा अकरावीत होती. वय १६. संगीताच्या बाईंकडे तिने शाळेच्या अवस्थेचं रडगाणं गायलं, तेव्हा बाईंनी विचारलं, मग तू काही करत का नाहीस? प्रश्न तिला लागला. काही महिने तिने मनातल्या मनात मांडणी केली आणि मग विश्वासातल्या मोजक्या मुलांना गोळा केलं. त्यांत कॅरी आणि जॉन स्टोक्स ही जुळी भावंडं होती. दोघं शेतकऱ्याघरची, दोघं बारावीला.

२३ एप्रिल १९५१. सकाळी मुख्याध्यापकांना फोन आला की तुमची काही मुलं बस स्टँडवर पोलिसांच्या भानगडीत सापडली आहेत. ते तातडीने निघाले. इकडे त्यांच्या नावाची चिठ्ठी वर्गावर्गांत फिरली: सर्वांनी हॉलमध्ये जमावं. साडेचारशे मुलं आणि शिक्षक जमले. पडदा सरकला. व्यासपीठावर मुख्याध्यापक नव्हतेच. बार्बरा उभी होती. तिने शिक्षकांना बाहेर जायची विनंती केली. कुजबुज वाढली तेव्हा पायातला बूट काढून आपटला. मग ती बोलली. शेडबद्दल, गळक्या छताबद्दल, बसबद्दल. नवी शाळा मिळेपर्यंत वर्गात बसायचं नाही, असं ठरलं. मुलं फलक घेऊन बाहेर पडली. फलक आधीच रंगवून ठेवलेले होते.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं ते बारावीच्या मुलांपाशी. बार्बराचं एक वर्ष बाकी होतं, खालच्या वर्गांची तर बरीच वर्षं. नवी इमारत झालीच तर त्यांच्या उपयोगाची होती. पण बारावीची मुलं? एप्रिल सरत आला होता. आणखी थोडे दिवस मान खाली घालून काढले असते तर त्याच हॉलमध्ये त्यांची नावं पुकारली गेली असती आणि ती मोकळी झाली असती. ज्या व्यासपीठावर डिप्लोमा घ्यायचा, तिथूनच त्यांनी सगळं पणाला लावलं. नाव काढून टाकतील, डिप्लोमा अडवतील, बापाला बँक कर्ज देणार नाही, आईला कामावरून काढतील, हे सगळं त्या वयाच्या मुलांना कळत होतं. जी वीट बसलेली बघायला आपण तिथे असणार नाही, त्या विटेसाठी ती मुलं उभी राहिली.

त्याच दिवशी बार्बरा आणि कॅरी यांच्या सहीचं पत्र रिचमंडला दोन वकिलांना गेलं: ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन. दोन दिवसांनी ते फार्मविलला आले. मुलांना समजावून परत वर्गात पाठवायचं, असं त्यांच्या मनात होतं. मुलांचा निर्धार बघून ते थांबले. पण त्यांनी एक अट घातली. काळ्यांसाठी चांगली वेगळी शाळा मागायची असेल तर आम्ही नाही. वेगळेपणच रद्द करा, अशी मागणी असेल तर खटला चालवू. मुलांनी आणि पालकांनी होकार दिला. फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन पाठीशी राहिले. संप दोन आठवडे चालला. २३ मे रोजी ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. नववीतली डोरोथी डेव्हिस ही यादीत पहिली, म्हणून खटल्याला तिचं नाव पडलं.

बार्बराच्या जिवाला धोका होईल या भीतीने घरच्यांनी तिला अलाबामातल्या माँटगोमेरीला काकांकडे पाठवलं. काका म्हणजे व्हर्नन जॉन्स, तिथल्या डेक्स्टर अव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री. त्यांच्यानंतर त्याच चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आले. बार्बराची बारावी तिथे झाली. जिच्यामुळे हॉल पेटून उठला, तिचं नाव त्या हॉलमध्ये ग्रॅज्युएशनला कधी पुकारलं गेलं नाही. मुख्याध्यापकांची नोकरी गेली.

(दृश्य: वॉशिंग्टन. सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या.)

फार्मविलचा खटला इतर चार खटल्यांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेला. १७ मे १९५४ रोजी या पाचही खटल्यांचा एकत्र निकाल लागला, तो ब्राउन खटल्याचा निकाल म्हणून ओळखला जातो. सरकारी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. त्या पाचांत विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिलेला खटला हा एकच. पुढच्या वर्षी न्यायालयाने अंमलबजावणी विचारपूर्वक पण त्वरेने करा, असं सांगितलं. यातला विचार व्हर्जिनियाने चार वर्षं केला. सिनेटर हॅरी बर्ड यांनी निकालाच्या विरोधात सगळं राज्य उभं केलं होतं.

आणि मग १९५९ चा जून उजाडला.

आता टाळाटाळ चालणार नाही, येत्या सप्टेंबरपासून मुलं एकत्र बसवा, असा न्यायालयाचा आदेश होता. प्रिन्स एडवर्ड काउंटीचा कारभार बघणाऱ्या मंडळाने शाळांसाठीचा कर बसवायलाच नकार दिला. पैसा नाही तर शाळा नाही. काउंटीतल्या सगळ्या सरकारी शाळा बंद झाल्या, काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्याही. गोऱ्या मुलांसाठी प्रिन्स एडवर्ड अकॅडमी नावाची खासगी शाळा लगोलग चर्चच्या खोल्यांमधून सुरू झाली. सुमारे सतराशे काळी मुलं घरी बसली.

या सतराशेंमधल्या एका मुलीकडे जवळून बघू. तिचं नाव कुठल्याही कागदावर नाही, कारण ती कुणी एक नाही. जूनमध्ये ती अकरावी पास झाली. उन्हाळाभर रानात आईबरोबर तंबाखूची पानं तोडली. बोटांना चिकट काळा राप चढतो, तो साबणाने जात नाही. सप्टेंबरात हात खरवडून धुतले, इस्त्रीचा फ्रॉक घातला, पण बस आलीच नाही. शाळेच्या दाराला कुलूप. राहिलं होतं एकच वर्ष.

काय करायचं? नॉर्थ कॅरोलायनातल्या किट्रेल ज्युनियर कॉलेजने वरच्या वर्गांतल्या साठेक मुलांना ठेवून घेतलं. फार्मविलच्या एका कृष्णवर्णीय पाद्र्यांनी ही सोय जुळवून आणली. काही जण बाल्टिमोरला, फिलाडेल्फियाला मावशीकडे, आत्याकडे गेले. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या संस्थेने काहींना परराज्यांत अनोळखी कुटुंबांत ठेवलं. मामाकडे राहून शिकलेली मुलं आपल्याकडेही घरोघर सापडतील. दुष्काळ पडला की पाठवायचे. हा दुष्काळ मात्र माणसांनी ठराव करून पाडलेला होता. आणि ज्यांचे नातेवाईकच नव्हते, ज्यांच्यावर घरची पाठची भावंडं होती, ते रानातच राहिले. चर्चच्या तळघरांत ग्रिफिन आणि गावातल्या बायकांनी वर्ग चालवले, पण डिप्लोमा देणं त्यांच्या हातात नव्हतं. गोऱ्या पुढाऱ्यांनी काळ्यांसाठीही खासगी शाळा काढायची तयारी दाखवली. अर्ज आला एक. ती शाळा पत्करली तर सरकारी शाळेवरचा हक्क सुटला, हे लोकांनी ओळखलं होतं.

१९६० चा जून आला. काळ्यांच्या हायस्कूलच्या व्यासपीठावर कुणी चढलं नाही. ६१, ६२, ६३ लाही नाही.

पाच वर्षांच्या हिशोबात खालच्या वयाच्या मुलांचं झालेलं नुकसान तर वेगळंच आहे. १९५९ ला पहिलीत बसायची बरीच मुलं दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत अक्षर गिरवायला बसली नाहीत. त्या मुलांवर एक वेगळा माहितीपट व्हायला हवा.

१९६३ च्या सप्टेंबरात केनेडी सरकारच्या प्रयत्नांतून आणि देणग्यांवर फ्री स्कूल नावाने वर्ग सुरू झाले. दीड हजारांवर मुलं आली. १९६४ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष केनेडींचे भाऊ रॉबर्ट केनेडी फार्मविलला येऊन त्यांना भेटून गेले. त्याच महिन्यात, २५ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फार विचार झाला, त्वरा मात्र झाली नाही. काउंटीने शाळा उघडल्याच पाहिजेत. सप्टेंबरात कुलपं निघाली. पण १९६० च्या बॅचमधली मुलं तोपर्यंत बाविशीला आली होती. कुणी सैन्यात, कुणी लग्न होऊन, कुणी उत्तरेकडच्या कारखान्यात.

(दृश्य: आजची मोटन इमारत. तोच हॉल, तेच व्यासपीठ.)

बार्बरा पुढे फिलाडेल्फियाला ग्रंथपाल झाली आणि १९९१ मध्ये वारली. जुनी मोटन इमारत १९९८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली आणि तिचं आता संग्रहालय झालं आहे.

२००३ च्या जूनमध्ये काउंटीच्या शाळामंडळाने शाळाबंदीत शिक्षण हुकलेल्यांना सन्मान डिप्लोमा दिले. १९६० मध्ये जी मुलगी अठराची झाली असती ती आता एकसष्टीला आली होती. तिच्या नातवंडांची ग्रॅज्युएशन झाली होती, किंवा व्हायच्या बेतात होती. ती इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत आली होती.

आणि ज्या काउंटीच्या मंडळाने १९५९ मध्ये शाळांसाठी पैसा द्यायला नकार दिला, त्याच मंडळाने २००८ मध्ये झाल्या गोष्टीचं दुःख व्यक्त करणारा ठराव केला आणि फार्मविलच्या कोर्टाच्या घंटाघरात एक दिवा लावला. रात्री मेन स्ट्रीटवरून जाताना मान वर केली की तो दिसतो.