उजवा घोटा

(दृश्य: विक्रोळी पूर्व, कन्नमवार नगर. जुलै महिन्यातली संध्याकाळ. खिडकीच्या गजांवरून पाणी ठिबकते आहे.)

या घरातल्या जेवणाच्या टेबलाच्या एका अर्ध्या भागावर लोणच्याची बरणी, औषधांचा डबा आणि आजचे वर्तमानपत्र आहे. दुसऱ्या अर्ध्या भागावर पांढरा नॅपकिन अंथरलेला आहे आणि त्यावर भिंग, मऊ ब्रश आणि बारीक मापे घेण्याचा व्हर्निअर कॅलिपर ओळीने मांडून ठेवलेले आहेत. आमचे यजमान दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवतात. रात्री ते अॅनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या पात्रांच्या, प्लास्टिकच्या सांधेदार फिगर तपासतात. त्यातल्या काही स्वतःच्या असतात, पण मुंबईभरातून लोक आपल्या फिगर घेऊन त्यांच्याकडे येतात आणि विचारतात, की ही ओरिजिनल आहे का, ही धड आहे का आणि हिचे किती येतील.

आज आलेली मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या पिशवीत व्हेजिटाचा, म्हणजे ड्रॅगन बॉल झी या अॅनिमेतल्या एका पात्राच्या फिगरचा, बॉक्स आहे. तो तिने मुंबईतल्याच एका विक्रेत्याकडून घेतला आहे आणि तो कधीही उघडला गेलेला नाही. त्यासाठी तिने चार पैसे जास्तच मोजले आहेत.

"दादा, टेपसुद्धा निघालेली नाही. न उघडता सांगता येईल का?"

"न उघडता मी बॉक्सबद्दल सांगेन. व्हेजिटाबद्दल कसं सांगू?"

या एका प्रश्नावर या छंदातले लोक वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. जपानमधल्या जुन्या फिगरच्या बाजारात न उघडलेल्या मालाला वेगळा मान आहे आणि तिथली मोठी दुकाने फिगरची अवस्था एका अक्षराने व बॉक्सची अवस्था दुसऱ्या अक्षराने नोंदवून विकतात. ती पद्धत इथल्या संग्राहकांनी जशीच्या तशी उचलली. तिच्यासोबत एक समजूतही आली, की बंद बॉक्स म्हणजे जपलेली वस्तू. आमच्या यजमानांचे म्हणणे असे, की मुंबईत तरी ही समजूत धरून चालता येत नाही.

(दृश्य: बॉक्सच्या खिडकीतून दिसणारी फिगर. शेजारच्या खोलीतून आईंचा आवाज.)

त्यांच्या आई या सगळ्याला "बाहुल्या" म्हणतात आणि ते त्यांना दुरुस्त करत नाहीत. तसे पाहिले तर आईंचेच बरोबर आहे. अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने 1964 मध्ये जीआय जो हा सैनिक बाजारात आणला, तेव्हा मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत या धास्तीने त्याला "अॅक्शन फिगर" असे नाव देण्यात आले. तोच सैनिक पुढे टाकारा कंपनीमार्फत जपानमध्ये गेला. टाकाराने त्याच शरीराचा पारदर्शक सायबॉर्ग 1972 मध्ये केला आणि 1974 मध्ये तो आटवून सुमारे 10 सेंटिमीटरचा मायक्रोमॅन काढला. इतक्या लहान शरीरात गुडघा, कोपर आणि मनगट वळवण्याची जपानी कारागिरांची हातोटी तिथून घडत गेली. कायोडो कंपनीने 2006 मध्ये रिव्होल्टेक ही मालिका आणली. तिचा सांधा दातेरी असल्यामुळे वळवताना कट-कट असा आवाज येतो आणि प्रत्येक दात्यावर अवयव थांबतो. त्यानंतर 2008 या एकाच वर्षी मॅक्स फॅक्टरीची फिग्मा आणि बंदाईची एस. एच. फिगुआर्ट्स या दोन मालिका सुरू झाल्या. फिगुआर्ट्समध्ये ड्रॅगन बॉलचे पहिले पात्र 2009 मध्ये आले, आणि तो मालिकेचा नायक गोकू नव्हता, पिकोलो होता. पिकोलोच्या चाहत्यांना हे अजूनही अभिमानाने सांगावेसे वाटते.

मुंबईतली ही पिढी कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झी पाहत वाढली. 2004 मध्ये अॅनिमॅक्स वाहिनी भारतात आली आणि तिने त्यात भर घातली. पात्रे घरोघरी पोचली, पण फिगर पोचल्या नाहीत. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत मिळायची ती फर्स्ट कॉपी, म्हणजे नक्कल. अस्सल फिगर परदेशी टपालाने यायची आणि आजही येते. तिची सोडवणूक करायला कधीकधी बॅलार्ड इस्टेटच्या टपाल कार्यालयाची पायरी चढावी लागते. खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेले आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले. 1 जानेवारी 2021 पासून लागू झालेल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशात खेळणे म्हणजे 14 वर्षांखालील मुलांच्या खेळासाठीची वस्तू अशी व्याख्या आहे, तर फिगुआर्ट्सच्या बॉक्सवर 15 वर्षे व त्यापुढील वय छापलेले असते. मग फिगर खेळणे ठरते की नाही? या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत किती पार्सले अडली असतील, हे पार्सल सोडवायला गेलेल्यांनाच विचारावे.

(दृश्य: टेपवर ब्लेडचे टोक. मुलगी मान वळवते.)

टेप कापली जाते. झाकण उघडताच गोडसर, तेलकट असा वास येतो, आणि प्लास्टिकच्या ट्रेमधून व्हेजिटाला उचलताना बूट ट्रेला किंचित चिकटून मग सुटतो.

या चिकटपणाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फिगरचे मऊ भाग, म्हणजे केस, कपड्यांच्या कडा आणि बदलायचे पंजे, बहुधा पीव्हीसी या प्लास्टिकचे असतात. पीव्हीसी मुळात कडक असते. त्याला लवचीकपणा येतो तो त्यात मिसळलेल्या तेलासारख्या द्रवामुळे, ज्याला प्लास्टिसायझर म्हणतात. हा द्रव पीव्हीसीशी रासायनिक बंधाने बांधलेला नसतो, नुसता मुरलेला असतो. उष्णता वाढली, की तो हळूहळू पृष्ठभागावर येतो. उघड्या कपाटात त्यातला काही भाग हवेबरोबर निघून जातो, पण बंद बॉक्समध्ये त्याला जायला जागा नसते आणि तो फिगरवरच साय धरल्यासारखा बसून राहतो. मुंबईत थंडी नावापुरती पडते आणि पावसाळ्यात हवेतली आर्द्रता महिनोन्‌महिने 80 टक्क्यांच्या घरात असते. अशा गावात माळ्यावर ठेवलेला सीलबंद बॉक्स म्हणजे फिगरला दिलेली मंद वाफ आहे.

उपाय अगदी घरगुती आहे. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, मऊ ब्रशने हलकेच धुवायचे आणि सावलीत वाळवायचे. पांढऱ्या हातमोज्यांवर चढलेला पिवळेपणा मात्र धुऊन जात नाही. तो या व्हेजिटाच्या डाव्या हातमोज्यावर आहे, छातीच्या चिलखतावर नाही. दोन्ही पांढरे, पण घटक वेगळे, म्हणून वयही वेगळे दिसते. "कवळीतही असंच होतं," ते मुलीला सांगतात, "दात एका रंगाचे राहतात आणि हिरडी दुसऱ्या रंगाची होते."

कपाटाबाबत एक सावधगिरी ते प्रत्येकाला सांगतात, कारण ही चूक आपल्याकडेच होते. ट्रंकेत साड्यांसाठी टाकलेल्या डांबराच्या गोळ्या फिगरजवळ ठेवू नयेत. त्यांची वाफ काही प्रकारचे प्लास्टिक मऊ करते. त्यांची स्वतःची एक फिगर अशीच गेली. गोळ्या आईंनी ठेवल्या होत्या, त्यामुळे घरात त्यावर फार चर्चा झाली नाही.

(दृश्य: भिंगातून दिसणारा खांदा.)

आता सांधे. ही तपासणी वरून खाली होते आणि तिला घाई चालत नाही. मान, खांदा, छातीच्या दिशेने आत सरकणारा खांद्याचा दुसरा सांधा, दंडाचे वळण, दोन ठिकाणी दुमडणारी कोपर, मनगट. प्रत्येक सांधा आधी बोटाने नुसता चाचपायचा. तो अडला तर जोर लावायचा नाही, कारण कारखान्यात रंग ओला असताना जोडणी झाली, की सांध्यात रंग सुकून बसतो आणि पहिल्याच हिसक्याला सांधा जोडणाऱ्या खिळीचा तुकडा पडतो. आधी हेअर ड्रायरची ऊब द्यायची, मग वळवायचे. या व्हेजिटाची डावी कोपर अशीच अडली. ऊब दिल्यावर ती सुटताना इतका बारीक आवाज झाला, की आमच्या माइकलाही तो धड पकडता आला नाही. मुलीने मात्र तो ऐकला आणि डोळे मिटून घेतले.

ओरिजिनल आणि फर्स्ट कॉपी यांतला फरकही डोळ्यांपेक्षा सांध्यातच आधी कळतो. बॉक्सवरचे तोएई अॅनिमेशनचे चंदेरी स्टिकर नकली मालावरही असते, छपाईही आता बरी असते. पण नकली फिगर पुष्कळदा अस्सल फिगरवरूनच साचा काढून ओतलेली असते, आणि ओतलेला माल निवताना आकसतो. आपल्याकडे गणपतीच्या मूर्तीवरून साचा, साच्यावरून मूर्ती असे दोनतीन वेळा केले, की बोटांचे कंगोरे बुजतात, तोच हा प्रकार. चेहऱ्यावर हे लपते. खिळी आणि भोक यांच्यात लपत नाही, कारण तिथे केसाएवढा फरक पडला तरी पंजा एकतर बसतच नाही किंवा बसून गळतो. कॅलिपर या टेबलावर त्यासाठीच आहे. व्हेजिटाचे कपाळावरचे केस काढून चेहरा बदलला जातो, तो आवाज न करता आपल्या जागी बसतो. फिगर अस्सल आहे. मुलगी पहिल्यांदाच टेबलावर कोपरे टेकवून बसते.

खिळ्यांविषयी थोडे अधिक सांगायला हवे. पुष्कळ फिगरमध्ये सांध्याची खिळी पॉलिअॅसिटल नावाच्या प्लास्टिकची असते. ते निसरडे आणि टिकाऊ असते, म्हणूनच सांध्याला योग्य. पण त्याच गुणामुळे त्यावर रंग धरत नाही आणि साधा डिंक किंवा झटपट चिकटवणारा गोंदही टिकत नाही. मोडलेली खिळी गोंदाने जोडून विकलेल्या फिगर त्यांनी बऱ्याच पाहिल्या आहेत. तो जोड गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत टिकतो, तेवढाच. ते स्वतः दोन्ही तुकड्यांत लॅबच्या मायक्रोमोटरने बारीक भोक पाडतात आणि आत तारेचा तुकडा बसवतात. कवळीसाठी वापरायचे द्रव मात्र त्यांनी या टेबलाजवळ कधी येऊ दिलेले नाहीत, कारण ते फिगरच्या कडक भागांचे एबीएस प्लास्टिक विरघळवतात. सैल सांध्यावर नेलपॉलिश लावण्याची जी पद्धत आहे, तीही त्यांना याच कारणाने पसंत नाही. पाण्यावर आधारित अॅक्रिलिक पॉलिशचा पातळ थर द्यावा, एक रात्र सुकू द्यावा आणि मगच सांधा हलवावा, असे ते सुचवतात.

शेवटी पाय. कंबर, मांडी आणि गुडघे ठीक आहेत. उजव्या घोट्याशी त्यांचे बोट थांबते, पुन्हा फिरते आणि थांबते. हातात धरलेल्या घोट्याबद्दल ते मत देत नाहीत. घोट्यावर सगळ्या अंगाचा भार येतो, म्हणून भार देऊनच तो पाहायला हवा.

"म्हणजे उद्या सांगाल?"

"उद्या सांगतो. ठेवून जा. आणि बॉक्स घेऊन जा हवं तर, तुला आवडतो ना."

रात्री नऊ वाजता व्हेजिटाला आधाराचा स्टँड न देता उजव्या पायावर उभे केले गेले. डावा गुडघा वर, एक मूठ पुढे, पंखा दोनवर.

(दृश्य: सकाळ. पाऊस थांबला आहे. टेबलावर चहाचा कप.)

व्हेजिटा पडला नव्हता. तो रात्रभरात पुढे कलत कलत टेबलाच्या दुसऱ्या अर्ध्या भागापर्यंत वाकला होता आणि त्याची पुढे केलेली मूठ लोणच्याच्या बरणीला टेकली होती. यजमानांनी वही उघडून तारखेखाली तीन ओळी लिहिल्या: उजवा घोटा सैल. बाकी सांधे उत्तम. बॉक्स हिशेबात धरलेला नाही.